सिसिलीला जायचंय ना? मग जहाज परतीला ठेवा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहणारं कुटुंब. नवरा-बायको, १० वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई. आईंचे गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. मे महिन्यात दहा-अकरा दिवस इटलीच्या सिसिली बेटावर जायचंय. मुंबई ते सिसिलीतलं कॅटानिया एकाच तिकिटावर जाऊन-येऊन माणशी ७२ हजार दिसतायत. मुंबई-रोम ५८ हजारांत मिळतंय आणि रोमहून पुढे स्वस्त कंपनीचं विमान एका बाजूला ३० युरो. त्यात ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं, मुख्य भूमीवरच्या नेपल्सपर्यंत जा, तिथून रात्रीचं जहाज पकडा, हॉटेलचं भाडं वाचेल. तर यातलं खरोखर स्वस्त काय, आणि आईंना झेपेल असं काय?

नौपाड्यात तिकिटांचं दुकान मांडून मला बावीस वर्षं झाली. हा प्रश्न बेटाचं नाव बदलून दरवर्षी येतो. क्रीट, माल्टा, सार्डिनिया, काहीही असो, मुंबईपासून युरोपपर्यंतचं भाडं सगळ्यांना डोळ्यांना दिसतं, आणि पैसा गळतो तो मात्र शेवटच्या उडीत, मुख्य भूमीवरून बेटावर जाताना. तुमच्यासाठी माझं उत्तर असं: जाताना एकाच तिकिटावर थेट कॅटानियाला उतरा. जहाज घ्याच, पण परतीला, सिसिलीतल्याच पालेर्मोहून नेपल्सला. आणि घरी येणारं विमान नेपल्सहून किंवा रोमहून पकडा. का, ते आता नीट सांगते.

आधी तुमचेच आकडे मांडू. रोमपर्यंत ५८ हजार, त्यात पुढच्या विमानाचे जाऊन-येऊन ६० युरो. युरो शंभरीच्या पलीकडे गेलाय, म्हणजे सहा हजारांच्या वर. एकूण ६४ हजार आणि थोडे. ७२ शी तुलना केली तर माणशी जेमतेम आठ हजार वाचले, चौघांचे ३२ हजार. दिसायला छान. पण ते ३० युरोचं तिकीट नुसत्या माणसाचं असतं. सोबत पाठीवरची लहान पिशवी, ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरची, सीटखाली सरकेल एवढी. तुम्ही चौघं अकरा दिवस जाणार, तीन बॅगा तरी होतीलच. २० किलोच्या बॅगेला मी एका बाजूला ३५ युरो धरते, म्हणजे तीन बॅगांचे दोन्ही बाजूंचे २१० युरो. मग रोममधला मुक्काम. दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत, कारण दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी. म्हणून शहाणा माणूस जाताना एक रात्र आणि येताना एक रात्र रोममध्ये हातची ठेवतो. खोलीचे १२०-१२० युरो आणि वर इटलीत माणशी, दर रात्री लागणारा पर्यटन कर, तो बहुतेक हॉटेलं वेगळा आणि शक्यतो रोख मागतात. झाले २७० च्या आसपास. २१० आणि २७० मिळून ४८० युरो, पन्नास हजार रुपये. ३२ हजार वाचवायला पन्नास हजार घातले. आणि रोमच्या दोन विमानतळांपैकी तुम्ही फ्युमिचिनोला उतरलात आणि पुढचं विमान चाम्पिनोहून निघालं, तर बसचं भाडं आणि डोकेदुखी वेगळी.

एकटा-दुकटा तरुण मुलगा पाठीवर सॅक टाकून निघाला तर हेच गणित उलटं पडतं, त्याला मी स्वतः तुटक तिकिटं काढून देते. कुटुंबाला नाही.

एका तिकिटाचे फायदे नुसते पैशांचे नाहीत. कॅटानियाच्या डोक्यावर एटना बसलाय, सव्वातीन हजार मीटरहून उंच, युरोपातला सगळ्यात उंच जागृत ज्वालामुखी. त्याने राख उधळली की विमानतळ काही तास बंद होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात असं झालं होतं. तेव्हा विमानं पालेर्मोला किंवा कोमिसोला वळवतात. एका तिकिटावर असाल तर तुम्हाला मुक्कामी पोचवणं विमान कंपनीचं काम. तुटक तिकिटावर असाल तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

दुसरी गोष्ट रांगेची. शेंगेन भागात, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तुम्ही ज्या विमानतळावर पहिलं पाऊल ठेवता तिथेच इमिग्रेशन होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली, त्यामुळे मोठ्या विमानतळांवर पहिल्या नोंदीला वेळ लागतो. इस्तंबूल किंवा दुबईवरून एका तिकिटाने गेलात तर ही रांग कॅटानियाला लागेल, जिथे पुढे पकडायचं काही नसतं. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकवरून गेलात तर रांग मधल्या थांब्यावर लागेल आणि दीड तासाची जोड असेल तर आईंना घेऊन पळावं लागेल. जर्मनीवरूनचं तिकीट चार हजारांनी स्वस्त असलं तरी मधे अडीच-तीन तास नसतील तर मी सोडून देते. लंडनवरूनचं तर बघूही नका. भारतीय पासपोर्टला तिथे ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा लागतो.

आता जहाज.

मुंबईहून भूमध्य समुद्रात जाणारं प्रवासी जहाज नाही, हे आधीच सांगते, कारण दर सीझनला एक तरी काका "बोटीने थेट जाता येतं का हो?" म्हणून विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या बोटी असतात. समुद्र येतो तो शेवटच्या टप्प्यात. सिसिलीसाठी सगळ्यात सोयीचं ते नेपल्स-पालेर्मो. रोज रात्री आठच्या सुमारास सुटतं, सकाळी साडेसहा-सातला पोचतं, दहा-अकरा तास. दोन्ही दिशांना हेच. रोमजवळच्या चिवितावेक्कियाहूनही जहाज आहे, ते आणखी तीन-चार तास घेतं. जिनोव्हाहून वीस तास लागतात, ते गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी. आपल्या उपयोगाचं नेपल्सच.

जहाजावर तीन तऱ्हेची तिकिटं असतात. सगळ्यात स्वस्त 'पासाज्जो पोंते', म्हणजे डेकचं: जहाजावर चढायचा हक्क, बसायची जागा तुमची तुम्ही शोधा. मग 'पोल्ट्रोना', विमानासारखी मागे कलणारी खुर्ची. आणि मग केबिन, खिडकी नसलेली आतली किंवा खिडकीची बाहेरची. चौघांच्या केबिनमध्ये खाली दोन आणि वर दोन बर्थ, आत शॉवर आणि संडास. मे महिन्यात चौघांच्या आतल्या केबिनला मी २०० ते २५० युरो धरून चालते, जूनअखेरपासून ते चढत जातं. तुम्ही केबिनच घ्या. आईंना खुर्चीत रात्र काढायला लावून वाचवलेले शंभर युरो दुसऱ्या दिवशी टॅक्सीत जातात.

खुर्चीतली रात्र मला माहीत आहे. २०११ साली मी आणि नवरा पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ग्राहकांना देते त्या सल्ल्याच्या बरोबर उलट केलं होतं. मुंबईहून रोम, रोमहून आगगाडीने नेपल्स आणि त्याच रात्रीचं जहाज, सगळं एका दिवसात. कागदावर मधे साडेपाच तास होते. विमान तीन तास उशिरा आलं. नेपल्सला उतरून टॅक्सी केली, त्याला जहाजाचं तिकीट दाखवलं, त्याने गाडी अशी हाणली की मी डोळे मिटून घेतले. पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. जहाज धक्क्यापासून हातभर सुटलं होतं. मागचा भलामोठा दरवाजा, ज्यातून ट्रक आत जातात तो, वर उचलला जात होता, साखळ्यांचा आवाज येत होता, आणि जाड दोरखंड पाण्यातून ठिबकत वर ओढले जात होते. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ होतं ते. नवरा दोन्ही हातांत बॅगा धरून तसाच उभा. टॅक्सीवाला गेला नव्हता. त्याने शांतपणे आमच्या हातातल्या बॅगा घेऊन पुन्हा डिकीत टाकल्या आणि म्हणाला, "दोमानी." म्हणजे उद्या.

दुसऱ्या दिवशी केबिन शिल्लक नव्हती. नव्या खुर्च्या विकत घेतल्या. जुन्या तिकिटाचा पैसाही परत नाही, पालेर्मोच्या हॉटेलची पहिली रात्रही बुडाली. खुर्च्यांच्या हॉलमध्ये एसी इतका गार की बाराच्या पुढे निम्मी माणसं खुर्च्या सोडून खाली कार्पेटवर, स्लीपिंग बॅगमध्ये. सोलापुरी चादर बॅगेत होती म्हणून निभावलं. पहाटे मात्र डेकवर गेलो, समोर मोंते पेल्लेग्रिनोचा डोंगर राखाडीचा गुलाबी होत होता आणि त्याच्या पायथ्याशी पालेर्मोचे दिवे अजून लागलेले होते. नवरा म्हणाला, चला, काहीतरी वसूल झालं.

तेव्हापासून माझा नियम ठरला. जाताना जहाज घेतलं तर उशिराचा सगळा धोका एका साखळीत अडकतो: विमान चुकलं की गाडी चुकते, गाडी चुकली की जहाज, जहाज चुकलं की हॉटेल. परतीला तसं नाही. तुम्ही पालेर्मोमध्येच असता, बंदर शहरातच आहे, संध्याकाळी रमतगमत सहाला पोचता. जहाज सकाळी नेपल्सला लावतं आणि तुमचं घरचं विमान दुसऱ्या दिवशी असतं. वाऱ्याने जहाज चार तास उशिरा आलं तरी बिघडत काही नाही. शिवाय जाताना अंगात रात्रभराच्या विमानाचा थकवा असतो, घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे गेलेलं असतं. त्यात आणखी एक रात्र डुलत काढायची म्हणजे आईंचे दोन दिवस फुकट.

या मार्गाने पैसेही तुटत नाहीत. विमानाचं तिकीट काढताना जाणं-येणं न निवडता 'मल्टिसिटी' निवडा: मुंबई-कॅटानिया आणि नेपल्स-मुंबई, एकाच कंपनीचं. तुर्की एअरलाइन्स दोन्ही शहरांना जाते, लुफ्तान्साचंही पाहा. दोन सुटी एकेरी तिकिटं काढू नका, मोठ्या कंपन्यांची एकेरी तिकिटं महाग पडतात. मल्टिसिटीचं भाडं मात्र बहुतेक वेळा दोन्ही शहरांच्या जाऊन-येऊन भाड्यांच्या मधे कुठेतरी बसतं. केबिनचे २३० युरो धरले, त्यातून त्या रात्रीची खोली वाचली १२० ची. पालेर्मोहून पुन्हा कॅटानियाला यायची बस वाचली, चौघांचे साठेक युरो. म्हणजे जहाज तुम्हाला निव्वळ पन्नास युरोंना पडलं, आणि वर नेपल्सचा एक दिवस मिळाला. नेपल्सचं विमानतळ शहराला चिकटूनच आहे. आईंना रोम पाहायचंच असेल तर परतीचं विमान रोमहून घ्या. नेपल्स-रोम वेगवान गाडीने सव्वा तास, साध्या प्रादेशिक गाडीने अडीच-तीन तास आणि भाडं जवळपास निम्मं.

जहाजाबद्दलच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. चढायची वाट बऱ्याचदा गाड्यांच्या डेकवरूनच असते, ट्रकच्या मधून, डिझेलच्या वासात. लिफ्ट असते, पण ती कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. चालायला मदत हवी असेल तर युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ४८ तास आधी कळवायचं, म्हणजे जहाज कंपनी फुकट सोय करते. विमानाच्या व्हीलचेअरलाही हाच ४८ तासांचा नियम. गुडघे दुखत असताना "कशाला उगीच" म्हणून आया नको म्हणतात. तुम्ही न विचारता नोंदवून टाका. बुकिंग करताना आईंसाठी खालचा बर्थ मागा आणि केबिन जमेल तितकी मधल्या भागातली घ्या, टोकाला हेलकावे जास्त. मे महिन्यात तो समुद्र बहुधा शांत असतो. तरी ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे. आईंना बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर कुठली गोळी चालेल ते ठाण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या. आणि पालेर्मोला नसलं तरी नेपल्सला एक घोळ नेहमी होतो: कॅप्रीच्या होड्या सुटतात तो मोलो बेव्हेरेल्लो वेगळा आणि ही मोठी जहाजं लागतात ते धक्के वेगळे. कुणी उलट्या दिशेने जात असेल तर तिकिटावरचा धक्का वाचून मगच टॅक्सीत बसावं.

आणखी एक वाट आहे, जी स्वस्त आणि गमतीची दोन्ही आहे: रोमहून आगगाडी. मुख्य भूमी आणि सिसिली यांच्या मधे मेसिनाची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर. पूल नाही. तो बांधायची चर्चा माझ्या धंद्यापेक्षाही जुनी आहे. तर व्हिला सान जोव्हान्नी स्टेशनात गाडीचे तुकडे करतात, डबे ढकलत जहाजाच्या पोटात, रुळांवर उभे करतात, आणि जहाज गाडीसकट पलीकडे मेसिनाला जातं. पाणी ओलांडायला अर्धा तासही लागत नाही, पण तोडाजोडीसकट दीड-दोन तास मोडतात. डब्यातून उतरून वर डेकवर जाता येतं. रोम ते पालेर्मो एकूण अकरा-बारा तास. तुमच्या मुलाला हे जन्मभर लक्षात राहील. पण आईंचे गुडघे आणि जहाजाच्या पोटातले उभे जिने यांचं जमणार नाही, म्हणून तुमच्या सहलीत मी ते घालत नाही. मुलगा कॉलेजात गेला की पाठवा.

बेटावर किती दिवस हवेत, यावरही बोलू, कारण लोक बेट म्हटलं की एलिफंटा डोळ्यांसमोर आणतात. सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट आहे, साधारण २५,७०० चौरस किलोमीटर. आपला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा कोकण विभाग त्याहून काहीसा मोठा. दहा दिवसांत सगळं होणार नाही. चार रात्री पूर्वेला, कॅटानिया किंवा सिराकुसाला मुक्काम ठेवून, त्यातच एटना आणि ताओर्मिना. मग बसने पालेर्मो, पावणेतीन तासांच्या आसपास. आगगाडीपेक्षा बसच बरी. पालेर्मोला चार रात्री, त्यातला एक दिवस अग्रिजेंतोच्या ग्रीक देवळांना. मग जहाज, मग नेपल्सला एक रात्र. गाडी भाड्याने घेऊ का, असं बहुतेक पुरुष विचारतात. घ्यायची असेल तर त्या अग्रिजेंतोच्या दिवसापुरतीच घ्या. पालेर्मोच्या गल्ल्यांत गाडी घालणं म्हणजे गोखले रोडवर शनिवारी संध्याकाळी पार्किंग शोधणं, आणि वर जुन्या शहरात विनापरवाना शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो, दंड कार्डावर महिन्यांनी येतो.

मे हा महिना तुम्ही बरोबर निवडलाय. समुद्र पोहायला थोडा गार असेल, बाकी हवा उत्तम. ऑगस्ट मात्र कुणी चुकूनही घेऊ नये. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो असतो, अख्खी इटली समुद्राकडे धावते, केबिन मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुपटीने. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एवढं बघावं की युरोपातल्या विमानांचं उन्हाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. त्यानंतर बेटांची बरीच विमानं कमी होतात. तेव्हा पाऊस असतो, पण खोल्या स्वस्त.

व्हिसाचं काम सगळ्यात आधी. इटलीत तुमचा सगळा मुक्काम असल्याने अर्ज इटलीचाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत, पण ती कायद्यातली मुदत झाली. मे महिन्यासाठी मुंबईतली अपॉइंटमेंट जानेवारी-फेब्रुवारीतच पकडायची, मार्चनंतर सगळं मुंबई-ठाणं तिथेच असतं. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ४५, सेंटरचे सेवाशुल्क वेगळे. विमा किमान ३० हजार युरोचा. आईंचं वय लक्षात घेता त्यांचा विमा जुन्या आजारांसकट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. तुमच्या अर्जात जहाजाचं तिकीट नक्की जोडा. पालेर्मोचं हॉटेल एका तारखेला संपतं आणि नेपल्सचं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, मधली रात्र कुठे, असा प्रश्न कागद तपासणाऱ्याला पडू द्यायचा नाही. आणि पालेर्मोच्या बंदरात ट्युनिसच्या जहाजाची पाटी दिसेल, भुलू नका. एकदा शेंगेनबाहेर पडलात की एकेरी प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपला.

नावाचंही सांगते, कारण आपल्याकडे हे हमखास होतं. काहींच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, काहींच्या नुसतं स्वतःचं. बायकांच्या पासपोर्टवर कधी माहेरचं आडनाव असतं, आधारवर सासरचं. तिकीट, जहाज, व्हिसा, तिन्हीकडे पासपोर्टवर आहे तस्सं. ठाण्यातल्या एका जोडप्याला मी स्वतः नवऱ्याचं मधलं नाव गाळून तिकीट दिलं होतं, दुरुस्तीचे पैसे माझ्या खिशातून गेले.

पैसे भरताना कार्ड मशीन "रुपयांत की युरोत?" असं विचारेल. युरोच निवडा. रुपयांत दाखवलेल्या भावात त्यांचा नफा आधीच घातलेला असतो. त्यातही क्रेडिट कार्डावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत लावते, म्हणून फॉरेक्स कार्ड बरं, आणि थोडे सुटे युरो खिशात. संपाचं म्हणाल तर इटलीत 'शोपेरो' हा शब्द आठवड्याला ऐकू येतो, पण तो आधी जाहीर झालेला असतो. परतीच्या आठवड्यात हॉटेलच्या काउंटरवर एकदा विचारून ठेवा.

माल्टाचंही विचारलं होतंत, बदली म्हणून. आईंना खूप चालवत नसेल आणि आठच दिवस असतील तर माल्टा सिसिलीपेक्षा सोपं आहे. अवघं ३१६ चौरस किलोमीटरचं, सगळीकडे बस, आणि इंग्रजी चालतं. माल्टाच्याच गोझो बेटावर जाणाऱ्या फेरीचे पैसे जाताना घेत नाहीत, परत येतानाच घेतात, त्यामुळे लोक उगीच गोंधळतात. सिसिलीच्या पोझाल्लोहून वेगवान कॅटामरान पावणेदोन तासांत माल्टाला नेतं, शेंगेनच्या आतच असल्याने व्हिसाचा प्रश्न नाही. पण या खेपेला दोन्ही कोंबू नका. क्रीटला जाणारे अथेन्सजवळच्या पिरेयसहून रात्रीचं जहाज घेतात. तिथलं गणितही हेच, परतीला ठेवा.

घरातून निघायची वेळ. युरोपच्या वाटेवरची बरीचशी विमानं पहाटेची. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, पण सुरुवात देशांतर्गत विमानांनी. तुमचं तिकीट कुठल्या विमानतळाचं आहे ते वाचूनच गाडी सांगा. सहार असेल तर पहाटे पाचच्या विमानाला कासारवडवलीहून रात्री साडेबाराला निघा. रात्री घोडबंदर रोडवर कंटेनर सुटलेले असतात, आणि सगळ्या सहलीचा पहिला उशीर तिथेच होतो.

शेवटचा प्रश्न तुमच्या आईंचा होता, खाण्याचं काय न्यायचं. ठेपले, चकल्या, मेतकूट, भाजणी, गूळपोळ्या, खुशाल न्या. पालेर्मोत रस्त्यावर भाताचे तळलेले गोळे मिळतात, 'आरांचिना'. कॅटानियाला त्यालाच 'आरांचिनो' म्हणतात आणि यावरून दोन्ही गावं भांडतात. आत बहुधा गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा खिमा असतो, पण पालक किंवा चीजचेही असतात, विचारून घ्यायचे. शाकाहाराची अडचण येत नाही. मात्र युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, श्रीखंडाच्या वड्या आणि साजूक तुपाची ती स्टीलची बरणी, तिन्ही घरी ठेवा. गूळपोळीवर तूप नाही म्हणून त्या रुसतील. त्यांना सांगा, तिथलं ऑलिव्हचं तेल चांगलं असतं.